तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीच्या ड्यूटीवर स्तनाची सोनोग्राफी

"रेडिओलॉजीच्या रेसिडेंटना स्तनाची इमर्जन्सी वेगळी कशाला शिकवायची? मॅमोग्राफी तर दिवसा, अपॉइंटमेंट घेऊन होते." हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत डॉक्टरही असतात.

अडचण तिथेच आहे. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, खोली संध्याकाळी बंद होते. रात्री ड्यूटीवर असतो तो रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकणारा डॉक्टर, ज्याचा हात अपेंडिक्स, मुतखडा आणि अपघातातल्या पेशंटचं पोट यांवर बसलेला असतो. एमडीच्या तीन वर्षांत स्तनाचं पोस्टिंग छोटं, तेही बहुतेक कॅन्सरभोवती फिरणारं. आणि कॅज्युअल्टीतून येते ती महिन्याभराची बाळंतीण: अंगात सणसणून ताप, एक बाजू लालबुंद, हात लावू देत नाही, बाळ रडतंय.

तिच्या बाबतीत आधी ठरवायचं ते हे, की आत पू झालाय की नाही. नुसती सूज असेल तर औषधांवर भागतं. पू असेल तर तो काढावाच लागतो. बोटांनी चाचपून याची खात्री देता येत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसतं. प्रोब (अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) हलकेच दाबला की गळवातले कण आत तरंगताना दिसतात. रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर लावला तर कडेने रक्तप्रवाह भरपूर, आत काहीच नाही. वर्णन सोपं आहे, पण दूध भरलेल्या स्तनात रुंदावलेल्या दुग्धनलिका आणि साचलेल्या दुधाच्या गाठीही पुवासारख्या काळ्याच दिसतात. ज्याने निरोगी ओल्या बाळंतिणीचा स्तन कधी पाहिलेलाच नाही, तो रात्री दोन वाजता काय ओळखणार? म्हणून मी रेसिडेंटना आधी दिवसा पीएनसी (बाळंतिणींच्या) वॉर्डात नेते. बाळंतिणी परवानगी देतात, आनंदाने देतात. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मग सुई. कातडी शाबूत असेल तर चिरा देण्याआधी सोनोग्राफीत बघत सुईने पू काढावा. लिग्नोकेन देऊन भूल द्यायची, १८ गेजची सुई वापरायची, कोणते जंतू आहेत ते बघायला पू कल्चरला पाठवायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं आणि लागलं तर पुन्हा काढायचा. मोठा व्रण राहत नाही, दूध झिरपत राहण्याचा धोका कमी होतो आणि बाळाला पाजणं चालू राहतं. याचा सराव आम्ही बोनलेस चिकनवर करतो. ग्लोव्हचं एक बोट कापून त्यात पाण्यात कालवलेलं पीठ भरायचं, गाठ मारून मांसात खुपसायचं आणि प्रोबखाली शोधायचं. सुईचं टोक सतत पडद्यावर दिसलं पाहिजे. ते दिसेनासं झालं की थांबायचं, पुढे ढकलायचं नाही.

बोलणंही शिकवावं लागतं. सरकारी कॉलेजांत पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे बऱ्याच मुलांना मराठी येत नाही. "ताई, दुखलं की लगेच सांगा," "बाळाला पाजायचं थांबवू नका," एवढी वाक्यं तरी मी पाठ करून घेते. सोबत आलेल्या सासूबाईंशीही बोलायचं असतं. आपल्याकडे बाळंतिणीला शेक आणि चोळणं हे ठरलेलं. पण अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनच्या २०२२च्या सूचनांत सुजेवर बर्फ लावायला सांगितलं आहे आणि जोरात चोळायला मनाई केली आहे. हे सासूबाईंना न दुखावता सांगता आलं पाहिजे.

बायोप्सीनंतर (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्यावर) रक्तस्राव झाला तर दहा मिनिटं, मध्ये हात न उचलता, दाबून धरायचं. मॅमोग्राफी मशीनवर, ऑपरेशनआधी गाठीची जागा दाखवणारी बारीक वायर घालताना कुणी भोवळून कोसळलं तर आडवं करून पाय उंच करायचे. हे दोन्ही लवकर येतं.

यायला वेळ लागतो तो संशय. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरही लाली, सूज आणि जाड झालेली कातडी घेऊनच येतो, आणि काही आठवड्यांत वाढतो. सोनोग्राफीत कातडीची जाडी इन्फेक्शन आणि कॅन्सर, दोन्हींत सारखीच दिसते. काळ्या भागाच्या आतही रक्तवाहिन्या दिसल्या, किंवा काखेतल्या गाठींचा मधला चरबीचा पांढरा भाग नाहीसा झाला असेल, तर पू समजून सुई खुपसत बसायचं नाही, बायोप्सी ठरवायची. बाई पाजणारी नसेल तर दुप्पट सावध. कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि गळू पुन्हा पुन्हा येतंय, तर टीबी आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (कॅन्सर नसलेली, स्तनाची चिवट सूज) डोक्यात हवेत.

पण यातलं काहीच पहिल्या रात्री पक्कं होत नाही. अँटिबायोटिक सुरू करून तिला घरी पाठवलं, ती परत आलीच नाही, तर कॅन्सर महिनोन्‌महिने "इन्फेक्शन" या नावाखाली वाढत राहील. म्हणून आमच्या रिपोर्टची शेवटची ओळ तारखेची असते: अमुक दिवशी पुन्हा सोनोग्राफी, आठवड्या-दोन आठवड्यांत लाली पूर्ण गेली नाही तर बायोप्सी. तिचा फोन नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा. ती आली नाही, तर ज्याने रात्री प्रोब धरला त्यानेच फोन करायचा.