आमची वाटचाल : बरणीतला डिमर आणि स्मरणिकेची पानं

आम्ही नाटकांना लाइट पुरवतो. आमच्या गोडाउनमध्ये एक चिनीमातीची बरणी आहे. नवीन पोरांना ती लोणच्याची वाटते. तिच्यात जिलेटिनचे, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत कागदाचे, तुकडे टाकतात आणि माझ्या शिव्या खातात. तो दादांचा पहिला डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं साधन आहे. आत मिठाचं पाणी, तळाशी एक पत्रा, वर दोरीला दुसरा. दोरी सोडली की पत्रे जवळ येतात आणि स्टेजवर उजाडतं. ओढली की अंधारून येतं. प्रवेश लांबला की पाण्याला वाफा यायच्या आणि दादांचा चष्मा धुरकटायचा.

दादा, म्हणजे आमचे वडील, लालबागच्या एका मिलमध्ये वायरमन. पाळी सुटली की परळला दामोदर हॉलमध्ये कामगारांच्या नाटकांना लाइट द्यायचे. सगळा कारभार वर्गणीवर. पगाराच्या दिवशी खात्याखात्यांतून पैसे जमायचे. त्यातून आधी हॉलचं भाडं, मग ड्रेपरी म्हणजे कपडेपट, मग मेकअप, आणि उरलं तर लाइटवाला. हा क्रम आजही बदललेला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. पगार थांबला तशी वर्गणी थांबली. एक तालीम न चुकवणारे नट गावाला निघून गेले. टीव्हीने कामगार रंगभूमी मारली असं लोक म्हणतात. मारली असेल, पण आमच्या वहीत बुकिंगं थांबली ती पगार थांबल्यावर. त्या वहीत आठ मंडळांची उधारी होती. एकच परत आली. दोन वर्षांनी त्या मंडळाचे तात्या सुट्या नोटांचं पुडकं घेऊन घरी आले, म्हणाले, ‘शेवटच्या प्रयोगाचे राहिले होते.’ पुढे त्यांनी हौशी संस्था काढली, राज्य नाट्य स्पर्धेत उतरले, आणि दुसऱ्या कुणाचा लाइट कधी लावला नाही.

मग शिवाजी मंदिर, साहित्य संघ, दीनानाथ अशा नाट्यगृहांत कामं. वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००८ चं मात्र सांगायलाच हवं. एका खासगी बँकेच्या पैशावर चालणाऱ्या नाट्यमहोत्सवाचं काम तीन वर्षं आमच्याकडे होतं. ‘यंदा मोठं करू’ असं आयोजक म्हणाले. तोंडी. तेवढ्यावर मी कर्ज काढून ४८ चॅनलचा डिजिटल डिमर आणि १२ मूव्हिंग हेड, म्हणजे आपोआप फिरणारे दिवे, घेतले. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली आला, आणि ऐन दिवाळीत फोन : ‘प्रायोजक यंदा थांबलाय.’ बँक बुडाली नव्हती. पण नाटकाचा पैसा तिच्या जाहिरातीच्या खात्यातून यायचा, आणि हात आखडला की पहिली कात्री तिथेच लागते. महिन्याभरात २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, डिसेंबरचीही बुकिंगं गेली. मूव्हिंग हेडवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं आणि ५ तारखेचा हप्ता काही थांबत नव्हता.

महोत्सव फेब्रुवारीत झालाच. लहान केला, प्रायोजक दुसरा, आणि लाइट दुसऱ्याचा. अंधेरीकडच्या एका इव्हेंटवाल्याने स्टेज, साउंड, लाइट, पाण्याच्या बाटल्या सगळं पॅकेजमध्ये दिलं होतं, माझ्या निम्म्या दरात. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. ऐन मोक्याच्या प्रवेशात बाईंच्या तोंडावर अंधार आणि मागे प्रायोजकाच्या बॅनरवर चार पार कॅन दिवे! एक फ्रेनेल दिवा तिच्याकडे फिरवला असता तरी भागलं असतं. कुणाला काही वाटलं नाही, हे जास्त लागलं. तो गृहस्थ अजून भेटला की मला ‘सर’ म्हणतो.

आठ मूव्हिंग हेड मी डोंबिवलीच्या एका डीजेवाल्याला पडेल भावात दिले. त्याच महिन्यात तात्यांची स्मरणिका आली. आदल्या वर्षी ४८ पानं, या वर्षी १६. बँक नाही, बिल्डर नाही. किराणावाला, शिंपी, एक दातांचा डॉक्टर. आणि आतल्या पानभर आमची जाहिरात, मी न दिलेली. खाली लिहिलं होतं, ‘आमचे प्रकाशदाते’. मी भांडायला गेलो, त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. त्या पानामुळे दोन संस्थांचे फोन आले. हप्ता चुकला नाही.

२०२० चं सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये नाट्यगृहं बंद, मध्ये थोडे दिवस निम्म्या खुर्च्या, पुन्हा बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. राज्य सरकारने मे २०२० मध्ये योजनांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला, तेव्हा अनुदानाची आशा सोडली. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा, पीएम केअर्सला दिलेला चालत होता. मग नाटकाला कोण विचारतो? आम्ही नेटाने पंख्यांचं वायरिंग केलं.

तरुण संस्थांना विचारल्याशिवाय सांगतो. सीएसआर हा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के असतो. म्हणजे वाईट वर्षातही आधीच्या बऱ्या वर्षांचा पैसा मोजला जातो, आणि चणचण लागते ती नंतर, बाजार सावरला असं पेपरात येतं तेव्हा. एका रात्रीच्या कार्यक्रमाच्या प्रायोजकत्वासाठी तो मागू नका, तिथे तो बसत नाही. वर्षभराचं प्रशिक्षण, जुन्या कलेचं जतन असं काही घेऊन जा. सगळा महोत्सव एका बॅनरवर टांगू नका. आणि लाइटवाल्याला निम्मे आगाऊ द्या.

तात्यांची संस्था आता त्यांची मुलगी चालवते. गेल्या महिन्यात नवी स्मरणिका घेऊन आली. ३६ पानं, मलपृष्ठावर पुन्हा एक बँक. आमचं पान आत होतं, तीच ओळ. या वेळी तिने बिलही आणलं होतं.