हिडकलच्या पाण्यावर वळण घेताना

एप्रिलचा दुसरा रविवार, रात्री

आज बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकलच्या जलाशयात शिडाच्या नावेने वाऱ्याला छेदून अकरा वेळा वळण्याचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी चार वळणे साधली. गेल्या रविवारी एकही साधले नव्हते, त्यामुळे या हिशेबावर मी खूश आहे.

ही होबी १६ जातीची जुनी कॅटामरान, म्हणजे दोन होडकी शेजारी जोडलेली शिडाची नाव, डिसेंबरात गोव्याहून चोर्ला घाटमार्गे आणली, तेव्हा टेम्पोबाहेर आलेली ८ मीटरची डोलकाठी प्रत्येक वळणावर दरीत डोकावत होती. विकणाऱ्या गृहस्थांनी ‘अगदी ठणठणीत’ असे प्रमाणपत्र दिले होते. बेळगावात अंगणात उतरवून नाण्याने ठोकत गेलो, तर डाव्या होडक्याच्या नाळेकडचा (पुढच्या टोकाकडचा) हातभर भाग बद्द वाजला. फायबरग्लासचे दोन थर आणि त्यांमधला फोम सुटला की असाच आवाज येतो. बारीक भोके पाडून त्यात इपॉक्सीचा गोंद भरण्यात जानेवारी गेला. सुकाणूंच्या झिजलेल्या पिना मात्र उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने तासाभरात स्टेनलेसच्या करून दिल्या. त्या कशासाठी आहेत हे ऐकल्यावर त्याने माझ्याकडे जसे पाहिले, तसेच घरातली मंडळीही हल्ली पाहतात.

वळण का फसते, हे मला आज खऱ्या अर्थाने कळले. नावेचे वजन जेमतेम १४५ किलो असल्याने तिच्या अंगात वेग साठून राहत नाही, आणि दोन लांब, अरुंद होडकी सरळच जायला बघतात. अशा वेळी स्कूटर वळवावी तसा सुकाणूला हिसका दिला की ते ब्रेकचे काम करते आणि नाव तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते. आधी चांगला वेग घेऊन, मोठे शीड घट्ट ठेवून सुकाणू सावकाश वळवावे लागते. नाळ वाऱ्याच्या पलीकडे गेली की तेच शीड हातभर सैल सोडावे लागते, नाहीतर ते नाळेला पुन्हा वाऱ्याकडे ओढते. पुढचे छोटे शीड मात्र तोवर जुन्याच बाजूला धरून ठेवायचे, म्हणजे वारा त्याच्या उलट्या अंगाला लागून नाळ ढकलून देतो.

नेमके हेच पुढच्या शिडाचा दोर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याला पटत नव्हते. ‘मामा, सोडू काय?’ असे तो दर वेळी विचारी आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत दोर सुटलेला असे. सहाव्या वळणाला तो थांबला, आणि नाव अशी अलगद फिरली की आम्ही दोघेही शिडाखालून पलीकडच्या बाजूला सरकायचेच विसरलो. जी वळणे फसली, त्यांत नाव मागे जाऊ लागल्यावर सुकाणूचा परिणाम उलटा होतो, हे लक्षात ठेवून बाहेर पडता आले.

तीनच्या सुमारास पश्चिमेचा वारा वाढला, वाऱ्याआडच्या होडक्याची नाळ पाण्यात घुसली आणि आम्ही कोलांटी खाल्ली. दोन्ही शिडांचे दोर मोकळे केले, नाळ वाऱ्याकडे येऊ दिली, मग उलटलेल्या होडक्यावर उभे राहून दोघांनी दोराला लटकत मागे भार दिला; नाव हळूहळू उठली. एकट्याच्या वजनाने ती उठली नसती, म्हणून एकट्याने जायचे नाही हे ठरवून टाकले आहे. पाणी ओसरल्यावर हुन्नूरचे विठ्ठलमंदिर वर येते, त्या बाजूलाही सध्या जायचे नाही. खाली काय दडले आहे ते दिसत नाही.

काठावर आल्यावर बुचे काढली. उजवे होडके कोरडे होते, डाव्यातून सुमारे दोन तांबे पाणी निघाले, म्हणजे कुठली तरी भेग अजून राहिली आहे. पुढच्या आठवड्यात भाच्याची सीईटी आहे, तोवर ती शोधून बुजवायला हवी.