सत्तरचे साठ

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी होते त्या खोलीत, मला सगळे 'सिस्टर' म्हणतात. मी नर्स नाही, टेक्निशियन आहे. टेबल हलवायचं, कॅमेऱ्याचा कोन लावायचा, प्रेशरच्या रेषेवर नजर ठेवायची आणि शेवटी डॉक्टर तोंडी सांगतील तो आकडा रिपोर्टमध्ये टाईप करायचा, हे माझं काम. तो आकडा येतो कुठून हे बाहेर कुणाला माहीत नसतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

एक्स-रेत दिसणारा डाय सोडला की पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या फांद्यांसारख्या उमटतात. डॉक्टर दोन-तीन कोनांतून बघतात आणि म्हणतात, "एलएडी, मिड, सेव्हन्टी." म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या डाव्या वाहिनीत, मधल्या भागात, सत्तर टक्के अडथळा. मोजलेलं काहीच नसतं, नुसता नजरेचा अंदाज. तीच फिल्म दुसऱ्यांना दाखवा, साठ म्हणतील. तिसऱ्यांना दाखवा, ऐंशी. मोजायचं सॉफ्टवेअर मशीनमध्येच आहे आणि ते चालवायला मला फार आवडतं. चित्रात कॅथेटर, म्हणजे डाय सोडायची बारीक नळी, दिसतच असतो. सहा फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) कॅथेटर म्हणजे बरोबर दोन मिलिमीटर, तीच आपली फूटपट्टी. मग वाहिनीच्या कडा आखायच्या, सगळ्यात अरुंद जागा पकडायची आणि शेजारच्या 'निरोगी' भागाशी तुलना करायची. तो शेजारचा भाग तरी कितपत निरोगी, हा प्रश्न उरतोच. एवढं करून आलेला आकडा कुणी मागत नाही. रिपोर्टवर जातो तो तोंडी सांगितलेला.

ज्यांच्याबद्दल सांगतेय ते काका पहिल्यांदा आले तेव्हा चढावर छाती भरून यायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासायची नोकरी केलेली, त्यामुळे आकड्यावर विश्वास. एलएडी ७०, आरसीए म्हणजे उजवी वाहिनी ३०. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मला आवडणारी गोष्ट केली: स्टेंट उघडण्याआधी प्रेशर वायर मागितली. केसासारखी वायर अडथळ्याच्या पलीकडे न्यायची, अ‍ॅडेनोसिन द्यायचं (पेशंटला मिनिटभर छाती दाबून आल्यासारखं होतं, ते आधी सांगून ठेवावं लागतं) आणि पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब करायचा. ०.८० किंवा त्याखाली आला तर रक्त खरंच अडतंय. काकांचा आला ०.८२. स्टेंट नाही. गोळ्या, चालणं, खाणं सुधारणं, सिगारेट बंद.

बाहेर मुलगा चिडला होता. "सत्तर टक्के असून तसंच सोडलं?" नातेवाइकांना स्टेंट म्हणजे काहीतरी केलं असं वाटतं, आणि गोळ्या म्हणजे वाऱ्यावर सोडलं. हार्ट अटॅक चालू असेल तर स्टेंट जीव वाचवतो, त्यात वादच नाही. पण स्थिर दुखण्यात तसं नाही. २०२० साली 'इस्केमिया' नावाची मोठी चाचणी छापून आली, त्यात ५,१७९ पेशंट होते. आधी कॅथलॅब आणि मग गरज पडल्यास स्टेंट किंवा बायपास, हा एक गट. आधी नुसती औषधं, हा दुसरा. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. डॉक्टरांनी मुलाला हे सांगितलं असेलही. पण आमच्याकडे दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगतात, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट टेबलावर आलेला असतो.

काकांनी सगळं मनावर घेतलं. सिगारेट त्याच दिवशी सुटली. वहीत रोजचं चालणं, वजन, बीपी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वरून ५७ वर आला. त्यातला मोठा वाटा गोळीचा होता, पण वहीत गोळीसाठी रकानाच नव्हता. माणूस स्वतः घाम गाळून केलेल्या गोष्टींचाच हिशेब ठेवतो.

तीन वर्षांनी ते पुन्हा टेबलावर आले. चढ आता गप्पा मारत चढत होते, छातीत काही नव्हतं. 'आत काय फरक पडला ते बघायचंय' एवढंच. त्रास नसताना नुसती उत्सुकता म्हणून अँजिओग्राफी करू नये असं माझं मत. माझं मत कुणी विचारलं नाही. डॉक्टर वेगळे होते, मशीन नवीन होतं, कोनही तंतोतंत तोच नव्हता. "एलएडी, सिक्स्टी." मी टाईप केलं.

नंतर राहवलं नाही म्हणून मी दोन्ही फिल्म उघडून सॉफ्टवेअरवर मोजल्या. जुनी ६२, नवीन ५९. म्हणजे काहीच नाही. मी स्वतःच दोनदा मोजलं तरी एवढा फरक येतो.

पण ते नंतर. त्याआधी, मनगटावरचा पट्टा घट्ट करत असताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, सत्तरचे साठ. म्हणजे ब्लॉकेज उलटलं ना?" डॉक्टर हात धुवायला गेले होते. चेहरा इतका उजळलेला होता की मी मान डोलावली.

उलटणं हा प्रकार खोटा नाही, म्हणून तर अडचण. डीन ऑर्निश यांनी १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या चाचणीत ४८ जण होते. त्यातल्या एका गटाला जवळजवळ तेल-तूप नसलेलं शाकाहारी जेवण, व्यायाम, तंबाखू बंद, ताण कमी करण्याचा रोजचा सराव. वर्षभरात त्यांचा अरुंदपणा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ झाला, इतरांचा ४२.७ वरून ४६.१. म्हणजे कमी झाला तो दोन टक्के आणि काही. तेही कॉम्प्युटरने मोजून. 'अ‍ॅस्टेरॉइड' या २००६ च्या अभ्यासात दोन वर्षं स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, मोठा डोस दिला आणि वाहिनीच्या आतून अल्ट्रासाऊंड केला. भिंतीतला चरबीचा थर कमी झाला, पण त्या घटीचा मधला आकडा (मीडियन) एक टक्काही नव्हता. दहा टक्के नजरेने उतरले असं कुणी म्हणालं की मला आता हसू येतं.

खरा फरक चित्रात दिसतच नाही. थरातली चरबी आटते, वरची साय घट्ट होते, फुटायची भीती कमी होते. आमची डाय फक्त मोकळी जागा दाखवते, भिंतीच्या आत काय शिजतंय ते नाही. आणि पुष्कळदा अटॅक मोठ्या अडथळ्यावर येत नाही. ज्याने चालताना कधी त्रास दिला नाही असा एखादा छोटा, मऊ थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि मिनिटांत वाहिनी बंद. तीसवाल्याकडे कुणी बघत नाही. मीही टाईप करताना बघितलं नव्हतं.

अकरा महिन्यांनी पहाटे फोन आला. इन्फीरियर एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक, नाडी चाळीसच्या आत, बीपी पडलेलं. लेड अ‍ॅप्रन घालताना मॉनिटरवर नाव वाचलं. पहिल्या शॉटमध्ये आरसीए मध्येच तुटलेली दिसली, डाय पुढे जात नव्हता. जुनी फिल्म शेजारच्या पडद्यावर लावली: बरोबर त्याच जागी ते ३०. वायर क्रॉस झाली, बलून, स्टेंट, फ्लो आला. पाय दुमडू नका, हलू नका, एवढंच मी त्यांच्याशी बोलले. डाव्या बाजूचा शॉट घेतला. आमचे ते 'उलटलेले' साठ होते तसे, शांत.

केसपेपरवर लिहिलेलं होतं: कोलेस्टेरॉलची गोळी सात महिन्यांपासून बंद. चालणं चालू, पथ्य चालू, सिगारेट नाही. 'ब्लॉकेज उलटलं आहे, मग गोळी कशाला', असं मुलाने सांगितलेलं. एलडीएल १३१. गोळी थांबली की तो काही आठवड्यांतच वर येतो.

गोळी चालू असती तर हे टळलं असतं का? सांगता येत नाही. गोळी घेणाऱ्यांनाही अटॅक येतात, फक्त कमी. एका माणसाच्या बाबतीत 'कमी'चा काही अर्थ नसतो. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आहे. मान डोलावली ते तरीही जात नाही. 'फारसा फरक नाही, पण तुम्ही करताय ते चालू ठेवा, गोळीसकट,' एवढं म्हणायला दहा सेकंद लागली असती.

तिसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर वॉर्डात गेले. टेक्निशियनने वॉर्डात जायचं काही कारण नसतं. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. ते उशीला टेकून वही बघत होते. मास्क नाही, टोपी नाही, अ‍ॅप्रन नाही. त्यांनी मला ओळखलंच नाही. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि बाही वर करून दंड पुढे केला. "बीपी ना? सकाळचं झालंय, पण घ्या."

मी म्हटलं, बीपी नाही, गोळ्या बघायच्या आहेत. त्यांनी टेबलावरची पाकिटं माझ्याकडे सरकवली. कोलेस्टेरॉलच्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या फोडलेल्या होत्या. वहीत मात्र अजून तेच तीन रकाने. पेन मागून घेतलं आणि चौथा आखून दिला.