सुजलेले पाय आणि मिठाचा हिशोब

पारा 44-45 वर गेला की आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर दोन तऱ्हेचे पेशंट शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एक म्हणजे वावरात वखरणी करता करता चक्कर आलेला गडी. ओठ कोरडे, लघवी थोडीशी आणि गडद पिवळी. दुसरी हार्टचा त्रास असलेली आजी. पायाच्या बोटांत जोडवी रुतलेली, नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खड्डा तसाच राहतो. एकाच्या अंगात पाणी कमी, दुसरीच्या अंगात जास्त. तरी दोघांच्याही शरीरात हार्मोनचा हुकूम एकच सुटलेला असतो: मीठ धर, पाणी धर.

किडनीला रक्त कमी पोचलं की ती रेनिन नावाचं रसायन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतात. लघवीतून निघालेलं मीठ हे अल्डोस्टेरॉन परत रक्तात ओढतं. मिठामागे पाणी आलंच. वरून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतलं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन. तेही पाणी बाहेर जाऊ देत नाही. घामानं वाळलेल्या गड्याचा जीव याच बंदोबस्तावर तगतो.

आजी विचारतात, "बाई, पानी त मी कमीच पेतो, मंग पाय काहून फुगते?"

मी सांगते, "आजी, शरीर तुम्हाले वाचवूनच राहिलं. पण विहिरीत पानी आहे, मोटार कमजोर आहे, हे किडनीले समजत नाही."

हृदय रक्त जोरानं ढकलू शकत नाही, किडनीला वाटतं रक्तच आटलं. ती मीठ धरत जाते, रक्ताचं आकारमान वाढतं, थकलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी म्हणूनच बऱ्याच हार्टच्या पेशंटना देतात.

हृदय स्वतःही गप्प बसत नाही, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. 1981 साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच मिनिटांत त्यांची लघवी आणि त्यातलं मीठ भराभर वाढलं. रक्त जास्त झालं, कप्पा ताणला गेला, की हृदय एएनपी नावाचं हार्मोन सोडतं: मीठ जाऊ दे, रक्तवाहिन्या सैल होऊ दे, रेनिन आवर. त्याचं भावंड बीएनपी. ते 1988 साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडलं, पण त्याचा खरा कारखाना हृदयाचे खालचे कप्पे. दम कशानं लागतो हे ठरवायला मोठ्या दवाखान्यात रक्तातल्या बीएनपीची किंवा त्याच्याबरोबरच सुटणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या तुकड्याची तपासणी करतात ती यासाठीच. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय असं कमजोर पडलं की, ही हार्मोनं भरपूर सुटतात, पण मीठ धरणाऱ्या बाजूचा जोर त्यांना भारी पडतो.

म्हणून कोणी आजीला "अशक्तपणा आला, सलाईन लावून द्या" म्हणून घेऊन आलं की माझा जीव खालीवर होतो. सलाईन म्हणजे थेट शिरेत मीठ-पाणी. अशा पेशंटला ते छातीत भरू शकतं. तीच गत गुडघ्यासाठी मनानंच आणलेल्या दुखीच्या गोळ्यांची. त्यातल्या बऱ्याच किडनीला मीठ धरायला लावतात. खारोडी, पापड, लोणचं यांबद्दल मी रोज बोलते, तेव्हा सुनांना वाटतं सिस्टर जिभेवर उठली. पण तोंडाची चव माझ्याही घरात आहे. आजीच्या ताटातलं मीठ मात्र सरळ पायात उतरतं.

लग्नाला जायचं, एसटीत लघवी लागेल, म्हणून बायका लघवीची, म्हणजे अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढणारी गोळी सोडून देतात. अडचण खरी आहे, रस्त्यात बाईला जागा कुठे असते? गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, गोळी सोडू नका. उलट्या, जुलाब झाले किंवा उन्हानं गळून गेल्यासारखं झालं, तर त्याच गोळीबद्दल त्याच दिवशी विचारा. उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं तेही प्रत्येकीचं वेगळं. आणि सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पाय फुगायची वाट न पाहता या. घरी काटा नसेल तर आमचा आहे.