किलोला अठ्ठेचाळीस काड्या

"दादा, ह्या वेळी पाच काड्या जादा आल्यात बघा. थँक्यू!"

हा मेसेज मी वाचला, खाली नमस्काराचं चित्र टाकलं आणि विसरून गेलो. पाठवणाऱ्या ताई हुपरीच्या. काचेचे मणी बनवतात, दोन्ही टोकांना चांदीच्या टोप्या बसवून विकतात. त्यांनी क्लिअर काचेच्या काड्यांचा एक किलोचा गठ्ठा मागवला होता. गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर कोण मोजत बसतंय?

आमचं दुकान कोल्हापुरात, पण विक्री सगळी ऑनलाइन. मणी करणाऱ्यांना लागणारं सामान विकतो: रंगीत काचेच्या काड्या, ज्योतीत वितळलेली काच गुंडाळून मणी करायच्या स्टीलच्या सळ्या, मणी सुटून यावा म्हणून सळीला लावायची रिलीज पावडर, सोडियमची पिवळी झळ कापणारे डिडिमियमचे चष्मे, बर्नरचे सुटे भाग. सळ्या म्हणजे उद्यमनगरात मिळणारा स्टेनलेसचा टिग वेल्डिंगचा फिलर रॉड, २.४ मिलिमीटरचा. मीटरभर रॉडचे चार तुकडे करायचे आणि कापलेलं टोक ग्राइंडरला लावून धार मोडायची. ही धार राहिली की मणी सळीवरून निघता निघत नाही. मग फोन येतो, "तुमची पावडर बोगस आहे." काड्यांचे गठ्ठे ६३ एमएमच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, रद्दी कोंबून, दोन्हीकडं टोपणं लावून जातात. पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाठवायचो तेव्हा अर्ध्या काड्यांचा चुरा पोचायचा.

मेसेजनंतर आठवड्यानं, शनिवारी, त्याच ताईंचा फोन आला. "काच खराब हाय तुमची. सगळे मणी फुटले."

'मणी फुटले' हे 'पोटात दुखतंय' म्हणण्यासारखं आहे. चीर कुठून गेली आणि कधी गेली हे कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. ज्योतीत धरल्या धरल्या काडीचंच टोक तडतडून उडालं, तर काडी एकदम आत घातलेली असते. तिला ज्योतीच्या शेंड्यावर लांबून फिरवत शेकत आणायची असते. मणी सळीवर असतानाच भोकापासून सरळ चीर गेली, तर एका जागी काम करत बसल्यामुळं दुसरी बाजू गार पडलेली असते. मणी तयार झाला, धुतला, डब्यात ठेवला आणि चार दिवसांनी आपोआप दुभंगला, तर ॲनिलिंग झालेलं नसतं. बरेच नवशिके मणी गरम वर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे एका हलक्या खनिजाच्या दाण्यांत, खुपसून ठेवतात आणि ॲनिलिंग झालं असं धरून चालतात. त्यानं मणी सावकाश गार होतो, एवढंच. काचेतला ताण काढायचा तर तिला ठरावीक तापमानाला धरून ठेवावं लागतं, आणि त्याला भट्टीच लागते. चौथा प्रकार क्वचित दिसतो. चीर दोन काचांच्या सांध्यावरून गेलेली असते.

हे सगळं मला त्या शनिवारीही ठाऊक होतं, तरी मी विचारलं काहीच नाही. दहा तक्रारींतल्या आठ ॲनिलिंगच्या निघतात, त्यामुळं आमचं उत्तर तयारच असतं. मी म्हटलं, "ताई, भट्टी तपासा. ५१५ अंशाला पाऊण तास ठेवा, मग तासाला पन्नास-साठ अंशांनी उतरवा, चारशेच्या खाली आल्यावर बंद करा." त्यांनी तसं केलं आणि तासातासाला मीटरचा फोटोही पाठवला. सोमवारी पुन्हा मणी फुटले. मी म्हटलं, भट्टीचं तापमान मोजणारा थर्मोकपल बदलून बघा. आता लिहिताना लाज वाटते, कारण तो थर्मोकपलही त्यांनी पैसे घालून बदलला.

मंगळवारी सकाळपासून पावसानं धरलं होतं. कुरिअरवाला आलाच नव्हता. दुकानात सगळ्यांचं एकच चाललं होतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. कुणी म्हणालं रात्रीत त्रेचाळीसला लागतंय, कुणी म्हणालं न्हाई लागत. तेवढ्यात ताईंचा फोटो आला. पहिल्यांदाच नीट, जवळून काढलेला. नारिंगी मण्यावर क्लिअर काच चढवलेली. आतला नारिंगी गोळा शाबूत, आणि वरचं क्लिअर उकडलेल्या अंड्याच्या कवचासारखं तुकड्या-तुकड्यांनी सुटलेलं.

हा चौथा प्रकार होता. फोन लावला आणि शनिवारीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "ताई, क्लिअर वितळताना कसं वाटतंय?"

"कडक हाय की. आतला रंग पाण्यागत पातळ होऊन हलाय लागतो, आणि वरचं क्लिअर जागचं हलत न्हाई. मला वाटलं ऑक्सिजनच कमी पडतोय."

मागं कुणीतरी पुन्हा 'त्रेचाळीस' म्हणालं आणि मला त्या पाच जादा काड्या आठवल्या.

हिशेब सोपा आहे. काडी ६ मिलिमीटर जाड, ३३ सेंटिमीटर लांब. आकारमान साधारण ९.३ घन सेंटिमीटर. मणी करायची मऊ काच सोडा-लाइम जातीची, घनता २.५ च्या आसपास. म्हणजे एक काडी सव्वातेवीस ग्रॅमची, किलोला त्रेचाळीस. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच हलकी, घनता २.२३. तिची तेवढीच काडी एकवीस ग्रॅमलाही जरा कमी भरते. किलोला अठ्ठेचाळीस.

नुसत्या संख्येवर विसंबून मात्र चालत नाही. काडी ५.७ मिलिमीटरची निघाली तरी वजन दहा टक्क्यांनी घटतं आणि संख्या तशीच वाढते. म्हणून त्याच लॉटचा फळीवरचा एक गठ्ठा सोडला आणि व्हर्नियर लावला. ५.९, ६.०, ६.०. जाडी बरोबर. गुजरीतल्या सोनारांकडं असतो तसला काटा आमच्याकडं आहे. त्यावर एक काडी ठेवली, २०.७ ग्रॅम. जुन्या लॉटची ठेवली, २३.२. डोळ्याला दोन्ही सारख्याच, स्वच्छ, बिनरंगी.

ताई अजून लाइनवरच होत्या. "घरात ग्लिसरीन आहे का? मेडिकलमध्ये मिळतं ते, गुलाबपाणी न घातलेलं." होतं. म्हटलं, काचेच्या अरुंद ग्लासात ओता, पाणी अजिबात घालू नका, आणि क्लिअर काडीचा वीतभर तुकडा त्यात उभा धरा. व्हिडिओ कॉल सुरू केला. काडी ग्लासाच्या तोंडापर्यंत दिसत होती. ग्लिसरीनच्या पातळीला टेकली आणि तिथून खाली गायब. ग्लास दिसतोय, ताईंची बोटं दिसतायत, काडीचा खालचा भाग नाही. चिकटलेले दोन-तीन बुडबुडे तेवढे अधांतरी लोंबत होते.

ताई म्हणाल्या, "आँ? विरघळली का काय?"

विरघळली नव्हती. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वाकतो, म्हणून आपल्याला पारदर्शक वस्तूची कड दिसते. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, बोरोसिलिकेटचाही १.४७. दोन्ही सारखे असल्यामुळं प्रकाश वाकत नाही आणि कड दिसत नाही. सोडा-लाइमचा १.५१-१.५२ च्या घरात असतो, त्यामुळं तिची कड ग्लिसरीनमध्येही स्पष्ट राहते. ताईंनी मागच्या खरेदीतली एक काडी शोधून शेजारी बुडवली. ती तळापर्यंत दिसली.

मणी का फुटत होते, तेही त्यातच आलं. काड्यांवर सीओई म्हणून जो आकडा लिहितात, तो काच तापल्यावर किती फुगते आणि निवताना किती आकसते त्याचा. सीओई १०४ म्हणजे तापमान एका अंशानं बदललं की लांबी कोटीत १०४ भागांनी बदलते. मुरानोच्या एफेत्रे काड्या १०४ च्या, अमेरिकेतल्या बुल्सआयच्या ९० च्या, बोरोसिलिकेट ३३ ची. १० मिलिमीटरचा मणी पाचशे अंशांवरून घरातल्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत १०४ ची काच जवळजवळ ०.०५ मिलिमीटर आकसते, ३३ ची जेमतेम ०.०१६. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण काचेला तेवढा पुरतो. आतला नारिंगी गोळा आत ओढतोय, वरचं क्लिअर तिथंच अडलंय, मग सांधा सुटणारच. भट्टी कितीही नीट चालवा, हा ताण ॲनिलिंगनं जात नाही, कारण तो निवताना दर वेळी नव्यानं तयार होतो.

खात्रीसाठी आम्ही दुकानातल्या बर्नरवर धाग्याची चाचणी घेतली. एक नारिंगी काडी, एक ती क्लिअर. दोन्हींची टोकं तापवून शेजारी-शेजारी चिकटवायची, पिळायची नाहीत. जोडगोळी एकत्र तापवून ज्योतीबाहेर काढायची, क्षणभर थांबायचं आणि वितभर धागा ओढायचा, साधारण मिलिमीटरभर जाडीचा. निवेपर्यंत ताणून धरायचा, मग एक टोक सोडायचं. जुळणाऱ्या काचांचा धागा सरळ राहतो. बेजोड असल्या तर धनुष्यासारखा वाकतो, आणि जास्त आकसणारी काच वाकाच्या आतल्या बाजूला येते. आमच्या धाग्याला धनुष्य म्हणणंही कमीच, सोडल्यासोडल्या गोल वळला आणि टेबलावर ठेवताना मोडला. नारिंगी आतल्या बाजूला होती. सीओई ९० आणि १०४ मध्ये वाक इतका दांडगा नसतो, म्हणून धागा लांब ओढून पट्टीला लावून बघावा.

त्या लॉटचा दहा किलो माल आला होता. फळीवर तीन किलो शिल्लक, सात किलो पाच जणांकडं गेलेला. दुपारभर आम्ही फोन करत बसलो. नाशिकच्या एका दादांनी गठ्ठा अजून उघडलाच नव्हता. एका ताई फक्त क्लिअरचेच मणी करत होत्या, त्यामुळं त्यांचा एकही फुटला नव्हता. नुसत्या बोरोचा मणी बोरोशी भांडणार कशाला? त्यांना एवढंच सांगितलं, की ५१५ ला ह्या काचेचं ॲनिलिंग होत नाही, ५६५ च्या आसपास धरा आणि दुसरा कुठलाही रंग जोडू नका. बाकीच्या दोघांचे मणी फुटले होते. तक्रार मात्र दोघांनीही केली नव्हती. दोघांनाही वाटत होतं, आपलाच हात बसलेला नाही. हे ऐकताना सगळ्यात वाईट वाटलं.

मग घाऊक व्यापाऱ्याला लिहिलं. तो लांब काड्या आणून, कापून, गठ्ठे बांधून आमच्यासारख्यांना देतो. बोरो आणि मऊ काच दोन्ही एकाच गोदामात, दोन्हीचं क्लिअर एकाच लांबीचं. चिठ्ठी कुठं बदलली असेल ते सांगायला नको. पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं: पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ४८ तासांच्या आत पाठवावा, नंतरच्या तक्रारी घेतल्या जाणार नाहीत. राग आला खरा, पण आमच्या बिलाच्या खालीही तेच वाक्य छापलेलं होतं. काडी फुटून आली तर व्हिडिओत दिसेल. चुकीची काच आली तर काय दिसणार? अखंड, चकचकीत, बरोबर लांबीची काडी.

तीन गोष्टी पाठवल्या. काट्यावरच्या दोन काड्यांचा फोटो, शेजारी व्हर्नियरचा आकडा. ग्लिसरीनच्या एकाच ग्लासात दोन्ही काड्या, एक दिसणारी, एक गायब. आणि धाग्याचे तुकडे पट्टीवर ठेवून. चिठ्ठीवरचा लॉट क्रमांक प्रत्येक फोटोत येईल असा ठेवला, नाहीतर 'हा आमचा माल कशावरून' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बदली माल मान्य झाला. जायचं-यायचं भाडं मात्र त्यांनी नाकारलं.

गिऱ्हाइकांकडून आम्ही भाडं घेतलं नाही. पाणी उतरून रस्ते सुरू झाल्यावर सगळ्यांना नवे गठ्ठे गेले. ताईंना थर्मोकपलचे पैसेही दिले. त्या नको म्हणत होत्या. बिलावरचं व्हिडिओचं वाक्य आता फक्त फुटक्या मालापुरतं ठेवलंय. चुकीच्या काचेसाठी मुदत नाही, काडीचा तुकडा आणि चिठ्ठी असली की पुरे. क्लिअरचा कुठलाही लॉट आला की प्रत्येक गठ्ठ्यातली एक काडी आधी ग्लिसरीनमध्ये बुडते. मग गठ्ठ्यावर वजनाशेजारी काड्यांची संख्याही लिहिली जाते. रंगीत काड्यांना ही युक्ती चालत नाही. त्यांच्यासाठी धागाच ओढावा लागतो, आणि त्यात दर लॉटमागं पंधरा मिनिटं जातात.

व्यापाऱ्यानं बोरोच्या काड्या परत मागवल्या नाहीत. भाडं मालाच्या किमतीला भिडत होतं. त्यातल्या पन्नासेक काड्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला दिल्या. कापलेली टोकं बर्नरवर गोल करून घेतली की बीकरमध्ये ढवळायला त्या चांगल्या चालतात.