हरिपूरची पेवं: पेपरचा विषय आवळत आणला

मंडळी, शोधनिबंधाच्या पेपरची एक ओळपण अजून लिहिली नाही, पण विषय आता हातात मावतोय म्हणून अपडेट देतोय.

आधी वहीत नुसतं "सांगलीची हळद" होतं. त्यात राजापुरी वाण, मार्केट यार्डातले सौदे, 2018 चं जीआय (भौगोलिक) मानांकन, सगळंच यायला लागलं, मग ते सोडून सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं धरली. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आतून शेणानं सारवलेलं, तोंड बंद केलं की हवा जात नाही त्यामुळं कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, काही तास तसंच ठेवतात, कारण आत श्वास घेण्यासारखी हवाच नसते. लय भारी काम आहे हे.

पण पेवं हा पण नुसता विषयच झाला, प्रश्न नाही. म्हणून प्रश्न लिहिले आणि प्रत्येकापुढं लिहिलं की उत्तर कुठं मिळणार. पेवं सुरू कधी झाली? त्याला संस्थानी कागद पाहिजेत, सांगली संस्थान 1948 ला विलीन, 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा, 1960 ला नाव सांगली, म्हणजे दफ्तरं विखुरलेली आणि जुनं सगळं मोडी लिपीत, नोकरी सांभाळून हे जमणार नाही. हळदीचा रंग किती टिकतो? त्याला लॅब पाहिजे, कटाप.

उरला 2005 चा महापूर. पेवांत पाणी शिरलं, बरीच निकामी झाली आणि ते बघितलेली माणसं अजून आहेत. पण इथंच खरी गंमत आहे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे आज ठरवणं) 2004 लाच सुरू झालेत आणि त्याची डिलिव्हरी मान्यताप्राप्त गोदामातून होते. मग पेवं पाण्यानं गेली का व्यापारच गोदामाकडं वळला होता? 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 2005 च्याही वर गेलं, पण तो पूर मी मुद्दाम बाहेर ठेवलाय, नाहीतर परत पसारा होतो.

तर प्रश्न ठरला: 2005 नंतरच्या दहा वर्षांत हरिपुरातल्या पेववाल्यांनी गोदाम का धरलं? फक्त हरिपूर, फक्त तेवढी वर्षं. आता मुलाखतीचे प्रश्न काढतोय, आणि व्यापाऱ्यांच्या आधी पेवात उतरणाऱ्या हमालांकडं जाणार, कारण कुठलं पेव कधी बंद पडलं हे त्यांना पक्कं आठवत असणार. कुणाच्या ओळखीत असे जुने हमाल असतील तर नक्की सांगा.