हरळी लावतेस?

परभणीला घर बांधलं तेव्हा पुढे पाचेकशे चौरस फूट जागा उरली आणि माझ्या डोक्यात लॉन शिरलं. माती मात्र कापसाची, काळीभोर. ‘फरशी टाका, पाय तरी स्वच्छ राहतील,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. ऐकलं नाही.

पहिल्या वर्षी ट्रकभर लाल माती आणून काळीवर चार बोटं पसरली, वर मेक्सिकन गवताच्या लाद्या बसवल्या. आठ दिवस सगळं फोटोतल्यासारखं. मग मृग लागला. पाणी लाल मातीतून झरझर उतरलं आणि काळीवर जाऊन थबकलं. गवत खालून कुजलं; चप्पल उचलली की अख्खी लादी सोबत यायची. जे वाचलं ते उन्हाळ्याने नेलं. एप्रिलमध्ये एवढ्या भेगा पडल्या की मुलाने 15 सेंटीमीटरची पट्टी एका भेगेत सोडली, ती गेली ती गेलीच.

या मातीचे चिकण कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. त्यांच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. कुणी म्हणालं वाळू मिसळा. थोडी मिसळून पाहिली, तर वाळल्यावर वीटच तयार झाली. कुणी जिप्सम सुचवलं. ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीचं औषध; काम करतं ते त्यातलं कॅल्शियम. आमच्या मातीत चुनखडीच्या रूपाने कॅल्शियम आधीच पोतंभर आहे.

शेवटी गावाकडून सासूबाई आल्या. त्यांनी ओली माती मुठीत दाबून लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. तो पचकन बसला, फुटला नाही. “अगं, वाफसा आल्याशिवाय, माती हवी तेवढी सुकल्याशिवाय कशाला खणतेस? उकरशील तेवढी ढेकळं होतील, मग घणाने फोडत बस.” चार दिवसांनी पुन्हा लाडू टाकला, भुसभुशीत फुटला, तेव्हा कुठे कुदळ हातात घेऊ दिली. टोपल्यांनी कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं आणि दहा फुटांना दोन इंच उतार काढला. पाणी साचू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

इथवर त्या खुशीत होत्या. मग मी शेतातल्या बांधावरून आणवलेलं पोतं उघडलं.

“ही तर हरळी!”

“हो आई. हीच लावायचीय.”

“हरळी लावतेस? विकतच्या गवताला काय झालं?” त्या पायरीवर बसल्याच. हरळी आणि कुंदा या दोन तणांनी त्यांचं अर्धं आयुष्य खाल्लेलं. वर धावणारे फुटवे, खाली खोडांचं जाळं. नांगराने तुकडे केले तर तुकड्यागणिक नवं रोप. शेतात ज्या गुणांना शिव्या खाव्या लागल्या, त्याच गुणांवर माझी भिस्त होती. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे चार-चार बोटांवर खोचले. पावसाळा संपायच्या आत जमीन झाकली गेली.

अडचणी आल्याच. कडुनिंबाच्या सावलीत हरळी टिकत नाही, तिथलं टक्कल मी मान्य केलंय. मध्यंतरी पातं पिवळं पडलं, युरियानेही हलेना. चुनखडीच्या मातीत लोह असून मुळांना मिळत नाही म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात विरघळवून फवारलं. गवत हिरवं झालं आणि फरशीवर पडलेले गंजाचे डाग आजही तसेच आहेत.

भाद्रपदात आता एका कोपऱ्यात मशीन फिरवत नाही. हरळी म्हणजेच गणपतीची दूर्वा; तीन पात्यांची मिळायला ती थोडी वाढू द्यावी लागते. गल्लीतल्या बायका जुड्या न्यायला येतात आणि सासूबाई ऐटीत खुडून देतात. पण बायका गेल्या की त्या खुरपं घेऊन वांग्यांच्या वाफ्याच्या कडेला बसतात, हद्द ओलांडून आलेला प्रत्येक फुटवा मुळासकट उपटतात आणि कुठे जरा माती चिकटलेली दिसली तर झटकून सरळ उन्हात टाकतात.